घरच्या खणातला कांदा

आईला कमी दिसतंय हे मला आधी हर्षालीवहिनीनं सांगितलं.

सकाळी पिकअपमध्ये लागणीच्या कामाला जाणाऱ्या बायका चढत होत्या. आई पुढं ड्रायव्हरजवळ बसलेली. वहिनी, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, खालीच रेंगाळली. चप्पल नीट करायचं नाटक करत मला म्हणली, "भाऊजी, काकूंना जरा डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा."

"का, काय झालं?"

"काय नाय. दाखवा फक्त." मग चढता चढता हळूच म्हणली, "त्यांच्या ओळीतले नांगे मी भरते मागून. आठ दिवस झाले. कुणाला बोलू नका."

नांगे म्हणजे कांदा लागणीत राहिलेल्या मोकळ्या जागा. आईच्या ओळीत नांगे! बायडाबाईची, म्हणजे आईची टोळी म्हणलं की आमच्या भागात शेतकरी वाफ्यावर येऊन बघत पण नाय. बारा बाया. आई पुढं, डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या अंगठ्यानं चिखलात टुक टुक टुक. चार बोटांवर एक रोप. मागं सरकत जायची तर ओळ दोरी लावल्यासारखी दिसायची.

अन् तिला एकच डोळा होता. डाव्यात लहानपणापासून फूल पडलेलं, पांढरं. बाभळीचा काटा गेला म्हणून सांगायची. त्या डोळ्यानं उजेड-अंधार कळायचा, बास. म्हणजे जे काय होतं ते उजव्यावर.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम बघितलं. ती चहा गाळत होती. गाळणी कपावर धरली, भांडं तिरकं केलं, अन् चहा कपाच्या बाजूला ओट्यावर. तिनं पटकन फडकं टाकलं. माझ्याकडं बघितलं नाय. मी पण मोबाईलमध्ये तोंड घातलं.



*

निफाडला डॉक्टरीणबाईनं मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. बघून म्हणल्या, "मोतीबिंदू पिकत आलाय आजी. ऑपरेशन करून टाका. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं."

"अन् बिघडलं तर?" आई म्हणली.

"सहसा बिघडत नाही. शंभरात एखाद्याला त्रास होतो."

"मला शंभर नाय ना बाई. एकच हाय."

डॉक्टरीणबाई समजावत राहिल्या. आईनं पदर तोंडाला लावला अन् उठून उभी राहिली. पैशाचं नव्हतं, सरकारी कार्डावर फुकट होत होतं. बाहेर आल्यावर बसस्टँडवर ती मला म्हणली, "अमोल, कुणी सुरी घेऊन माझ्या डोळ्याजवळ येणार नाय. सांगून ठेवते."

"सुरी नसती आता. मशीन असतं."

"मशीन कुणाच्या हातात असतं?"

मी बसची पाटी बघायला लागलो. खरं सांगतो, मी पण घाबरलेलो होतो. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन सहा वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. तिला दिसायचं बंद झालं तर, याच्यापुढं माझं डोकं जायचंच नाय.

टोळीतल्या बायांना वास लागलाच. मग प्रत्येकीचा एक उपाय. एक म्हणे त्रिफळ्याचं पाणी. एक म्हणे शेवग्याचा पाला. केरूभाऊची बायको म्हणली, "तळपायाला गाईचं तूप लावा अन् काशाच्या वाटीनं घासा. डोळ्याची उष्णता पायातून निघती." ते मी केलं. रोज जेवणाआधी. वाटी घासली की तूप काळं व्हायचं, अन् आई वाकून बघायची, "निघाली का?" म्हणून. तिला तूप दिसत नव्हतं अन् काळं पण दिसत नव्हतं. मी म्हणायचो, "निघाली निघाली. लय निघाली." तेवढ्यानं कुणाचं वाईट होणार नव्हतं. पाय मात्र मऊ झाले.

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

*

व्हिडिओ मी शोधला. आईनं नाय सांगितलं, मी शोधला. टेबलावर पांढरा कांदा अन् मधाची बाटली ठेवून एक माणूस सांगत होता. कांद्याचा रस एक भाग, मध एक भाग, रोज दोन थेंब. एकवीस दिवसांत पडदा गळून पडणार. चौदा लाख लोकांनी बघितला होता. चौदा लाख लोक काय येडे हायेत का, असं मला वाटलं.

आईला ऐकवला. तिनं दोनदा लावायला सांगितला.

"कांदाच हाय की," ती म्हणली. तिचा आवाज एकदम हलका झाला. "जन्म गेला कांद्यात. कांदा काय करणार मला?"

मध सोमानं दिला. सोमा सुरगाण्याकडचा, सीझनमध्ये बहिरू आप्पाच्या मळ्यात कामाला असतो, आमच्या विहिरीजवळच्या खोपीत राहतो. त्याच्याकडं घरून आणलेली आग्या माशीच्या मधाची बाटली होती.

"डोळ्यात घालाया?" तो म्हणला. "आमच्याकडं पण घालत. माझे आजीला घातलेला."

"मग? फरक पडला?"

"आजी मेली ना."

"डोळ्यानं?"

"डोळ्यानं कोण मरतो? म्हातारी व्हती." तो हसला. मग बाटली देताना हसायचा थांबला. "लय झोंबतो पण. आजी आरडायची."

पांढरे कांदे दारामागं टांगलेले होते, सात-आठ. एक किसला, धुतलेल्या फडक्यातून पिळला, मधात घातला. औषधाची रिकामी ड्रॉपरची बाटली होती, ती उकळून घेतली. मला वाटलं मी किती काळजी घेतोय.

पहिला थेंब पडला तसा आईनं माझा हात धरला. नखं रुतली. तोंडातून आवाज काढला नाय, पण पाय गुडघ्यातून वर आले, चटईवरून टाचा घासत राहिल्या. डोळ्यातून पाण्याची धार.

"आई, राहू दे."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," ती दात आवळून म्हणली. "दुसरा टाक."

मी दुसरा टाकला.

*

दहा दिवस झाले. ती म्हणायची फरक वाटतोय. सकाळी उठल्यावर भिंतीवरच्या देवाचा फोटो दिसला म्हणायची, कोपऱ्यातला डबा दिसला म्हणायची. पण फोटो अन् डबा तीस वर्षं त्याच जागेवर होते.

त्या वर्षी भादव्यात झड लागलेली. ऊन नाय, नुसती भुरभुर. चाळीतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या जाळीच्या शेडमधल्या, उन्हाळी कांद्याला पाणी सुटलं होतं. चाळीजवळ गेलं की तो सडका गोड वास नाकात बसायचा, जेवताना पण जायचा नाय. मी दिवसभर कांदा उकरून खराब काढत होतो. त्या नादात पांढरे कांदे संपत आले हे आई दोनदा बोलली, अन् मी दोनदा म्हणलो, विंचूरहून आणतो. आणले नाय.

आता चाळीचं सांगायला पाहिजे. एप्रिलमध्ये कांदा भरताना त्याच्यावर पावडर मारतात. किडा लागू नये, सडू नये म्हणून. दुकानदार बिनलेबलच्या थैलीत देतो, नाव विचारलं तर म्हणतो सगळेच नेतात. आईचा एक नियम होता. चाळीचा कडेचा खण घरचा. त्याच्यातला कांदा वर्षभर आपण खायचा, त्याच्यावर पावडर मारायची नाय. त्या दिवशी ऊन डोक्यावर होतं, गाडी दारात थांबलेली, अन् मी सरसकट मारत गेलो. घरच्या खणावर पण. संध्याकाळी तिनं विचारलं, "घरच्या खणात नाय ना टाकली?"

"नाय," मी म्हणलो.

तोवर आम्ही बाहेर पडलेली गोल्टी खात होतो, बारीक कांदे. घरचा खण उघडलाच नव्हता. मी ठरवलं होतं, उघडायच्या आधी तो सगळा माल विकून टाकायचा अन् आईला सांगायचं की सडला. एवढंच माझं प्लॅनिंग.

*

बहिरू आप्पाच्या वाफ्यात ते झालं तेव्हा मी तिथंच होतो, रोपाची पोती उतरवायला.

हर्षालीवहिनी त्या दिवशी आलेली नव्हती, तिच्या पोराला ताप होता. त्यामुळं आईच्या मागं कुणी नव्हतं. आप्पा छत्री घेऊन बांधावरून चालत आला. थांबला. छत्री मिटली.

"ही ओळ कुणाची?"

बाकीच्या बाया खाली बघून लावत राहिल्या.

"अरे मी विचारतोय. ही कोणची नवी पोरगी आणली बायडाबाई? दोन रोपं एका भोकात, अन् पुढं हातभर मोकळं!"

आई उभी राहिली. दोन्ही हात चिखलात, कोपरापर्यंत. "माझीच हाय आप्पा," ती म्हणली.

आप्पा वाईट माणूस नाय. तो एकदम ओशाळला. "असं का... असू द्या. होतं कधी. तुम्ही असं करा, बांधावर बसून रोपाच्या जुड्या करून द्या पोरींना. पावसात कशाला वाकता."

जुड्या करायचं काम म्हणजे नवीन पोरींचं, नाय तर बाळंतिणीचं. आई बांधावर जाऊन बसली. मला वाटलं ती मला हाक मारेल, घरी ने म्हणेल. तिनं जुड्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत. रोपं मोजायला ती प्रत्येक जुडी नाकाजवळ न्यायची, अन् मग परत बोटांनी चाचपायची. गाडीत बसताना तिचा पाय पायरीवरून हुकला, तर दोघी-तिघींनी तिला एकदम धरलं. तिनं हात झटकले.

"मेले नाय आजून," ती म्हणली.

घरी आल्यावर मला म्हणली, "दोन थेंबानं काय होत नाय. एकवीस दिवस थांबाया येळ कुठंय."

मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाय. रोज पाच वाजता चूल पेटवणारी बाई साडेसहा वाजले तरी गोधडीत. मी पांघरूण ओढलं. तिनं उजवा डोळा पदरानं दाबून धरलेला.

"काय नाय. डोकं दुखतंय."

"हात काढ."

"काढते. तू चहा ठेव."

मी हात धरून काढला. डोळा मिटलेला, पापणी लिंबाएवढी सुजलेली, कडेनं पिवळं चिकटलेलं. मी ओल्या फडक्यानं पुसून जरा उघडायला गेलो तर ती ओरडली. सोमाची आजी आरडायची, ते मला तेव्हा आठवलं. आतलं पांढरं नव्हतंच, सगळं लाल. अन् बुबुळावर, बरोब्बर मधोमध, एक पांढुरका ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा.

तसाच ठिपका मी लहानपणापासून तिच्या डाव्या डोळ्यात बघत आलोय.

"कधी घातलंस?"

"काल दुपारी. परवा पण. तीन-चार टायमाला घातलं."

"पांढरे तर संपलेत. कशाचा रस काढला?"

"घरच्या खणातला घेतला ना. आपला बिनपावडरचा." तिनं तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. "का रे?"

मी ओट्यावर बघितलं. किसणी तिथंच होती. कांद्याची सालं अर्धी सोललेली, अर्धी तशीच किसलेली. दिसत नाय तर ती काय सोलणार. सालावर हात फिरवला. बोटाला पांढरं लागलं. फडक्याला पण.

"का रे?" तिनं परत विचारलं.

"काय नाय," मी म्हणलो. "चल. उठ. दवाखान्यात जायचंय."

मोटरसायकलवर तिला मागं बसवलं. तोंडावरून टॉवेल बांधला. भुरभुर चालूच. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर, मी मधून मधून गाडी घालत होतो. तिनं दोन्ही हात माझ्या पोटाभोवती घट्ट धरलेले, अन् खड्डा आला की ती आणखी आवळायची, कारण खड्डा येतोय हे तिला दिसत नव्हतं. मी प्रत्येक खड्ड्याच्या आधी "खड्डा" म्हणून ओरडत होतो. निफाडपर्यंत फक्त तेवढंच बोललो.

*

डॉक्टरीणबाईनं बघितलं अन् त्यांचा चेहरा बदलला. हातातलं पेन खाली ठेवलं.

"डोळ्यात काय घातलं?"

आई म्हणली, "काय नाय बाई. लागण चालू हाय ना. चिखल उडला."

"नुसता चिखल?"

"चिखलच. मग मीच चोळला. हाताला काय लागलेलं असंल." ती बोलत होती ते इतकं सरळ, की माझाच विश्वास बसला असता. "पोरगं घरी नव्हतं. त्याला माहीत पण नाय."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं बघितलं.

तिथं स्टुलावर एक बारीक पंखा चालू होता, त्याची पाती कशाला तरी घासत होती. ट्रर्र, ट्रर्र. बाहेर बाकावर दहा-बारा माणसं नंबर लावून. दार उघडंच होतं. मला एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. आई सगळं अंगावर घेऊन बसली होती. चिखल उडला. कुणाचाच दोष नाय.

"खरं काय ते कळल्याशिवाय मला औषध नीट ठरवता येणार नाही," त्या म्हणल्या. "चिखल असेल तर एक, दुसरं काही असेल तर दुसरं. हा एकच डोळा आहे त्यांचा."

"कांद्याचा रस," मी म्हणलो.

"अमोल!" आई म्हणली.

"कांद्याचा रस अन् मध. मी व्हिडिओ बघून केलं. तेरा-चौदा दिवस झाले. अन् परवापासनं ज्या कांद्याचा घातला त्याच्यावर पावडर होती. चाळीची. मीच मारलेली. तिला बिनपावडरचा सांगितला होता."

बाहेर कुणीतरी "आई गं" म्हणलं. आईनं माझ्या दिशेनं बघितलं नाय. ती समोर बसून राहिली, मशीनवर हनुवटी टेकवायच्या पट्टीवर हात ठेवून.

डॉक्टरीणबाई ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सिस्टरला हाक मारली, डोळा धुवायला घेतला, अर्धा तास धूत होत्या. मग मला म्हणल्या, "पावडर असो नाहीतर नुसता कांदा. दोन्ही डोळ्यात घालायच्या वस्तू नाहीत. आणि मोतीबिंदू आत असतो, आत. वरून काहीही टाकलं तरी तो गळत नाही. बुबुळाला जखम झालीये, त्यात पू धरलाय. नाशिकला मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता जा. चिठ्ठी देते."

"दिसंल ना?" मी विचारलं.

"आधी डोळा वाचू दे."

*

नाशिकला नऊ दिवस ठेवलं. दर तासाला औषध, दोन बाटल्या, दोन्हीच्या मध्ये पाच मिनिटं. सिस्टर एकटीच, म्हणून तिनं मला शिकवलं. हात साबणानं धुवायचे, खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक लागू द्यायचं नाय, एक थेंब.

पहिले दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाय. थेंब टाकायला गेलो की मान वर करायची, बास. पापणीला हात लावला की तिचं सगळं अंग दगड व्हायचं. हातात कॉटची दांडी. थेंब पडला की ती श्वास धरून वाट बघायची. झोंबायची वाट. माझ्या हातून काय पडतंय त्याची वाट. मला ते बघवायचं नाय, पण बघितल्याशिवाय थेंब टाकता येत नाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बोलली. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा घोरत होता. आई छताकडं तोंड करून म्हणली, "काटा नव्हता."

"काय?"

"डाव्यात. बाभळीचा काटा नव्हता. डोळे आले होते माझे, सात वर्षांची असंन. माझ्या आईनं कशाचा तरी पाला वाटून पिळला. कुणीतरी सांगितला होता तिला." ती थांबली. "लोक विचारायला लागले तशी ती रडायची. मग मीच म्हणायला लागले, काटा गेला. तिनं पण तेच धरलं. मरस्तोवर तेच म्हणत होती. शेवटी तिला खरंच वाटायला लागलं असंल."

मी बाटली हातात धरून बसलो.

"तू कशाला बोलला डॉक्टरला?" ती म्हणली. "मी सांगितलं होतं की चिखल."

"डोळा गेला असता."

तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणली, "तेव्हा कुणी बोललं असतं तर..." अन् पुढचं सोडून दिलं. "हात धुतले का?"

"धुतले."

"परत धू."

मी परत धुतले.

*

घरी आल्याला आज बारा दिवस झाले. घरचा खण मी रिकामा केला, सगळा उकिरड्यावर खड्ड्यात गाडला. ड्रॉपरची बाटली पण. सोमा येऊन दारातूनच बघून गेला, मधाचं तोंडातून काढलं नाय त्यानं, मी पण नाय. टोळी आता हर्षालीवहिनी नेते. रोज सकाळी जाताना आत डोकावून आईला सांगते, आज कुणाचा वाफा, किती बाया. आई म्हणते, "रोप आखूड घ्या, मुळं धुऊन घ्या." वहिनी हो म्हणते.

डॉक्टर म्हणलेत जखम भरतीये. डाग राहणार. किती राहणार ते सांगता येत नाय. तीन-चार महिन्यांनी बघून मोतीबिंदूचं ठरवू, करता आलं तर. आईनं तेव्हा ऑपरेशनला नाय म्हणलं नाय. हो पण म्हणली नाय. "आधी तीन महिने जाऊ द्या," म्हणली.

अन् डॉक्टरनं सांगितलंय, घरी रोज सकाळी तिला बोटं दाखवायची, चार हातांवरून, अन् लिहून ठेवायचं. काल तिनं मला पहिल्यांदा खिडकीच्या उजेडात ओळखलं, पण मी खोकलो होतो.

आज झड उघडली. ऊन आत आलं. मी तिला दाराकडं तोंड करून बसवलं, चार हात मागं गेलो, तीन बोटं वर केली.

"किती?"

तिनं मान पुढं काढली. डोळा बारीक केला. पाणी आलं, पुसलं.

"दोन."

बरोबर म्हणावंसं वाटलं. अगदी ओठावर आलं. काळं तूप बघून लय निघाली म्हणायचो तसंच.

"तीन हायेत आई."

"मग नीट धर ना. हलवतो कशाला?"

मी माझ्या हाताकडं बघितलं. हलत होता. मी मनगट दाराच्या चौकटीला टेकवून घट्ट धरलं.

"आता?"

"तीन," ती म्हणली.

पण ते तर मीच सांगितलं होतं. मी हात मागं घेतला, बोटं बदलली, अन् परत चौकटीला टेकवला. "आता सांग."

ती नुसती बघत राहिली, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर, अंगठा बोटावर दाबत, रोप लावताना दाबायची तसा. बाहेर रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. बायांचा गलका, वहिनीची हाक आली, "काकू, जातो ओ!" मी वळून बघणार होतो.

"जाऊ दे त्यांना," आई म्हणली. "तू हात हलवू नको."